उत्तराची घाई नाही

तीन पांढरे चौकोन... टॅबच्या काचेवर एकाखाली एक, आणि त्यांच्या वर त्या आजारी म्हाताऱ्याचा चेहरा. मी बरा होणार ना, एवढंच त्यानं लेकीला विचारलंय. 'खरं सांग.' 'होशील म्हण.' 'गप्प राहा.' गोदावरीचं बोट काचेच्या वरच थांबलं होतं. संधिवातानं वाकलेलं हे एक बोट या खेळाला पुरतं. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, कुणाला गोळी घालायची नाही – नुसतं एका बाईला तिच्या डोंगरातल्या माहेरी चालवत न्यायचं आणि बापानं काही विचारलं की उत्तर निवडायचं. ज्योतीनं पुण्याहून येऊन खेळ घालून दिला तेव्हा म्हणाली होती, "आई, यात हरणं नाही. उत्तराची घाईही नाही. हवं तर दिवसभर बसून राहा." लेकीला काय जातंय म्हणायला.

तिन्ही उत्तरं तिनं देऊन पाहिली होती. गप्प राहिलं की म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवतो. खोटं सांगितलं की हसतो, आणि सकाळी परत तेच विचारतो. खरं सांगितलं की रडतो, आणि रडून झाल्यावर संत्रं सोलून मागतो. संत्रं! – हा खेळ रचणाऱ्यानं आयुष्यात कुणाला खरं सांगितलेलं नसावं. मी सांगितलंय. तीनदा सांगितलंय. वसंत गेला त्या दिवशी, मग तेराव्याला, मग पुढच्या अमावस्येला – आणि तिन्ही वेळा आईनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तोच हंबरडा फोडला, तेच कपाळ भिंतीवर आपटलं, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शांतपणे विचारलं, "वसंता उठला का गं?" चौथ्यांदा माझ्यानं झालं नाही. माझा पण भाऊच होता ना तो...

आणि उद्या त्याचं वर्षश्राद्ध. सकाळीच नवनगरहून मीनाक्षीचा फोन आला होता. वसंताच्या बायकोचा आवाज वर्षभरात पार बसून गेलाय. "अक्का, आईंना आणणार की नाही ते दुपारपर्यंत सांगा. त्यांनी एकदा तरी फोटोपुढं बसायला पाहिजे हो. सगळं मी एकटीच कुठवर करू?" हार घातलेला फोटो. त्यापुढं आईला बसवायचं म्हणजे चौथ्यांदा सांगणंच आलं. नाही न्यायचं, तर त्या पोरीला उद्या परत एकटीलाच बसवायचं. सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. बारा वाजून गेले. किती दमलेय मी, हे कुणाला सांगू... टॅबवरच्या म्हाताऱ्याला?

"गोदे."

तिची आई कृष्णाबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून जुन्या खणाच्या घड्या घालत होती. घालायची, मोडायची, परत घालायची. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण काठाला काठ अजून बरोबर जुळतो.

"वसंता कुठं गेलाय?"

आता. आताच सांगून टाकावं, म्हणजे मीनाक्षीलाही कळवता येईल... पण नेहमीचं तेच तोंडातून निघालं, "इचलकरंजीला गेलाय, माल आणायला. नाळे बर्तान." उद्या येईल.

कृष्णाबाईचे हात थांबले. तिनं मान वर केली आणि गोदावरीकडे बघितलं – कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं असं, ओळखीचं.

गोदावरीनं टॅब पालथा ठेवला. हे शेवटचं कन्नड का आलं तोंडात? घरात तर मराठीच. कन्नड आमच्या खणाच्या दुकानात, गल्ल्यावर, गिऱ्हाइकाशी. खण संपला असला, यायची काही आशा नसली, तरी नाही म्हणायचं नाही, गोड हसून नाळे बर्तद, माल उद्या येईल, म्हणायचं – हे याच बाईनं शिकवलं होतं मला आणि वसंताला, पदराला हात पुसत. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असायचं. तेही हसून, बरं म्हणून पायरी उतरायचं. मी वर्षभर हिला असंच परत पाठवतेय का? रोज, या एकाच वाक्यानं? आणि हिलाही ते ठाऊक...

"आतु बिडव्वा," कृष्णाबाई हळूच म्हणाली. अगदी गिऱ्हाइकासारखी, गल्ल्यावरच्या बाईशी बोलावं तशी. "नाळे केळतेनि."

राहू दे. उद्या विचारेन.

मग तिनं घडी पूर्ण केली, मांडीवर ठेवली आणि बाहेर बघत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. कळलं होतं का तिला? की जुनी सवय नुसती जिभेवर आली होती? वर्षभर वाटत होतं मी हिला सांभाळतेय... आणि ही रोज मला सोडून देत होती? विचारावं? काय विचारावं?

फोन वाजायला लागला. मीनाक्षीच असणार. गोदावरीनं तो हातात घेतला, पण उचलवेना. आई विचारेल याची धास्ती वर्षभर उशाशी घेऊन ती झोपत आली होती. आज पहिल्यांदा उलटीच भीती छातीत येऊन बसली – उद्या तिनं विचारलंच नाही तर?