मोहरबंद पिंप

"तेल विकून खाल्लंस आन् पिंपात भेसळ केलीस," शरणबसप्पा भर अंगणात म्हणाले. "चोर हायेस तू, बिरू."

येडशीच्या माळावरच्या त्यांच्या जिनिंगमध्ये तीन दिवस सकाळी इंजन सुरू होत नव्हतं. पौषातली थंडी. कापूस निवडायला आलेल्या पंधरावीस बाया पदरात हात गुंडाळून उभ्या होत्या. हँडल मारून मारून बिरूच्या तळहातांना फोड आले होते. इंजन नुसता पांढरा धूर सोडून गप्प बसे.

बिरू धनगराचा. बारा वर्षांपूर्वी मेंढरं भावाकडे सोपवून तो या इंजनावर आला, आणि तेव्हापासून त्याच्या चुकीनं ते एकदाही बंद पडलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली नाही.

"मालक, गोदामात मोहरबंद पिंप हाय. किल्ली तुमच्यापाशी. सगळ्यांदेखत फोडा. त्या तेलावर इंजन लागलं, तर म्या चोर. आत्ताच चालता हुतो."

पिंप फोडलं. बिरूनं टाकी आणि नळी रिकामी केली, नवं तेल भरलं, हँडल मारलं. पांढरा धूर. पुन्हा मारलं. पुन्हा धूरच.

शरणबसप्पांचा आवाज उतरला. "मंग झालंय तरी काय?"

बिरूनं त्यांच्या सायकलचा पंप काढला. तोंडावर अंगठा दाबून आठदहा दट्टे जोरात मारले आणि पंप त्यांच्या हातात दिला. "खालून धरून बघा."

"गरम लागतंय की!"

"व्हय. हवा दाबली की तापती. या इंजनात वात न्हाय, ठिणगी न्हाय. तापल्या हवेत तेल पडतं आन् पेटतं. पर हवाच लई गार आत गेली, तर दाबून तापंल किती? त्यात लढाईपायी असलं तेल येतंय, लौकर पेट घेत न्हाय. आधीचं तेल असतं, तर ही थंडी निभली असती."

मग तो बायांच्या मुकादमीण हरणाबाईकडे वळला. "आक्का, चुलीतला इस्तू आना. पानी बी उकळाया ठेवा."

इंजनाभोवतीच्या पोकळीतलं गार पाणी काढून त्यानं कढत पाणी ओतलं. टाकीतलं तेल डब्यात काढून गरम पाण्यात ठेवलं आणि कोमट झाल्यावर परत टाकीत भरलं. हवा ओढणाऱ्या नळीपुढं निखाऱ्यांचं घमेलं मांडलं. फोडांवर चिंधी बांधून हँडल धरलं. दोनदा धूर आला. तिसऱ्यांदा इंजन खोकलं, अडखळलं आणि धडधडत सुटलं. पट्टा फिरू लागला. बाया हसत दारापाशी गोळा झाल्या.

शरणबसप्पा जवळ आले, ओठ हलले.

"ऐकू येत न्हाय, मालक," बिरू म्हणाला. "इंजनापाशी मोठ्यानं बोलावं लागतं."

शरणबसप्पांनी बायांकडं पाहिलं, घसा खाकरला.

"माझी चूक झाली, बिरू!"

"व्हय, मालक," बिरू म्हणाला, आणि तेलाची झारी घेऊन चाकाशी वाकला.