बायकोची मान आणि बेकरीवाल्याचा हात

बेकरीवाल्याच्या बायकोची मान आखडली, ती नेमकी गाडी चालवायची परीक्षा तोंडावर आलेली असताना. त्या मानेपायी एकदा ती नापास झाली होतीच. मागे वळून बघता येईना, म्हणून अंदाजपंचे गाडी मागे घेतली आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत खांबाला टेकवली. आता पुन्हा तेच झालं तर पावाची व्हॅन विकायची, असं घरात ठरलं होतं. बेकरीवाल्याला अंधारात नीट दिसेनासं झालं होतं, आणि पाव तर उजाडायच्या आत पोचवावे लागतात.

डॉक्टरांनी तपासून मालिश करून घ्यायला सांगितलं. गल्लीच्या टोकाला एक ताई मालिश करत, रीतसर शिकलेल्या. त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "स्नायू ताठरलेत. रक्त नीट खेळलं की सैल पडतील, झोपही लागेल. पण रोज कुणीतरी घरी हलक्या हातानं चोळायला हवं."

"त्यात काय मोठंसं," बेकरीवाला म्हणाला. "माझा जन्म मळण्यात गेलाय."

आणि हेच नडलं. संध्याकाळी त्यानं बायकोला पालथं झोपवलं, सवयीनं हाताला मैदा लावला आणि तिचे खांदे असे काही तिंबले की शेजारीण खिडकीत आली. मग तिच्या पाठीवर ओलं फडकं टाकून स्वारी भट्टी बघायला गेली. बराच वेळ झाला तरी पत्ता नाही.

"अहो," आतून आवाज आला, "मी फुगायची वाट बघताय का?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याचीच शिकवणी घेतली. "पीठ कुरकुर करत नाही काका, या करतात. आधी नुसता हात ठेवा. खालचं काय म्हणतंय ते कळू द्या, मग दाबा."

बेकरीवाला हट्टी खरा, पण हाताचा कच्चा नव्हता. कोमट तेल, अंगठ्याचा हलका दाब, मानेपासून खांद्यापर्यंत. हळूहळू गुण आला. डोकेदुखी गेली. रात्रभर कूस बदलणारी बायको घोरायला लागली, आणि त्या घोरण्याचाही त्याला अभिमान वाटायला लागला. मान मात्र अर्ध्यावर येऊन अडायची. परीक्षा परवावर आली.

त्या संध्याकाळी चोळता चोळता तो म्हणाला, "उद्या सरावाला क्लच जरा बेतानं सोड हं."

अंगठ्याखालचा मऊ पडलेला स्नायू टणकन उभा राहिला. बेकरीवाला गप्प झाला. स्नायू पुन्हा सैलावला.

"आज लोणी चांगलं आलंय," त्यानं सहज म्हणून पाहिलं. काही नाही. "आणि तो ब्रेक..." पुन्हा दगड.

तो हात तसाच ठेवून बसला. गेला महिनाभर तो सरावाला शेजारी बसत होता, नसलेला ब्रेक पायानं दाबत होता आणि दर वळणावर "अगं, अगं, अगं" करत होता. मान लचकली नव्हती, तिनं त्याच्या धाकानं अंग चोरलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"तुझ्या मानेला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तिला मी झालोय."

"एवढं कळायला बाटलीभर तेल गेलं," बायको उशीत तोंड खुपसून म्हणाली. पण तिला हसू येत होतं, ते पाठीवरून त्याच्या हाताला कळलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला तो तोंडात अख्खा पाव कोंबून बसला. एकदा सायकलवाला आडवा आला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले, पण शब्द फुटला नाही. बायकोनं गाडी मागे घेताना मान वळवली, ती पार मागच्या काचेपर्यंत वळली. तिचं तिलाच खरं वाटेना.

परीक्षेला तर तो फाटकाबाहेरच उभा राहिला. पाठ फिरवून, म्हणजे चेहऱ्यावरूनही तिला काही ऐकू जायला नको. ती पास झाली. खांब जागच्या जागी होता.

परतताना व्हॅन तिनंच चालवली. भर बाजारातून, बस आणि हातगाड्यांमधून वाट काढत. बेकरीवाला शेजारी मुठी आवळून बसला होता, अगदी गप्प. बेकरीपाशी गाडी थांबवून तिनं कौतुकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दचकून काढला.

"अहो, हा खांदा आहे की भट्टीची वीट?"

"तू गाडी चालवत होतीस," तो म्हणाला, "आणि मी काही बोललो नाही."

बायकोनं किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "संध्याकाळी तेल कोमट करून ठेवा," ती म्हणाली. "मी चोळते. आणि पोटात साठलंय ते सगळं तेव्हा बोलून घ्या. हवं तेवढं."