शिवराजच्या खोलीवरचा

दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. रानात सोयाबीनची काढणी चाललेली. दुपारी ऊन चटका देत होतं, पण सकाळी एस.टी.ची काच उघडी ठेवली की अंगावर काटा यायचा. अशा दिवसांत श्रीनाथ एकटाच मराठवाड्यात फिरत होता. तो नाशिकचा. एक नोकरी सोडली होती, दुसरीवर रुजू व्हायला अजून अवकाश होता. मधल्या काळासाठी पाठीवर एक सॅक आणि खिशात एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास घेऊन तो निघाला होता. नळदुर्गचा किल्ला बघितला, तुळजापूरला भक्तनिवासात राहिला, धाराशिवची लेणी पायी चढून पाहिली.

कमीत कमी खर्चात फिरायचं, असं त्यानं मित्रांना सांगून ठेवलं होतं. त्यातल्या त्यात जेवणावर तो काहीच खर्च करत नसे. कुठं अन्नछत्र, कुठं भंडारा, कुठं मंदिरातला प्रसाद. पहिल्या दिवशी पंगतीत बसताना त्याला संकोच वाटला होता. नंतर तो संकोच गेला आणि त्याची जागा एक प्रकारच्या ऐटीनं घेतली. रोजच्या ताटाचा फोटो तो मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा आणि मित्र हसायचे.

त्या दिवशी तो धाराशिवहून औश्याकडे निघाला होता. बेंबळीच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा खिडकीतून त्याला एक मांडव दिसला. स्पीकरवर भजन लागलं होतं, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं पंगतीत बसत होती. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पास असल्यामुळे कुठंही उतरून पुढची गाडी पकडता येत होती. सप्ताहाचा भंडारा असणार, असं म्हणून तो उतरला.

मांडव एका घराच्या मागच्या मोकळ्या जागेत होता. तो कडेला उभा राहिला, तसा उपरणं खांद्यावर टाकलेला एक माणूस पुढं आला. त्याचं नाव रामहरी, हे श्रीनाथला मागाहून कळलं. त्यानं सॅककडे बघितलं.

"पाहुणे, पुण्याहून आलाव का? शिवराजच्या खोलीवरचे?"

शिवराज कोण, हे श्रीनाथला ठाऊक नव्हतं. ज्याच्या घरचा कार्यक्रम त्याचा मुलगाबिलगा असेल. 'नाही' म्हटलं तर कोण, कुठला, कशाला आला, हे सगळं सांगत बसावं लागलं असतं. पत्रावळ्या मांडून झाल्या होत्या.

"हो," तो म्हणाला.

"बरं झालं. बसा, आधी जेवून घ्या. मग बोलू."

चपाती, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी होती. श्रीनाथ भरपेट जेवला. बुंदी दोनदा मागून घेतली. पत्रावळीसकट स्वतःचा फोटो काढला आणि 'आजचंही फुकट' असं लिहून पाठवून दिला. पंगतीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, कुणी हसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पण इकडं अशीच पद्धत असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

हात धुऊन तो सॅक उचलणार, तेवढ्यात रामहरी पुन्हा आला. "चला, फोटोला फूल वाहा. वहिनी कवाची वाट बघायलीय."

घराच्या पुढच्या ओसरीत पाटावर एक फोटो ठेवला होता. त्याच्याच वयाचा एक पोरगा, कंपनीच्या निळ्या शर्टात, थोडा अवघडून हसणारा. फोटोला झेंडूचा हार होता आणि पुढं समई. श्रीनाथ उंबऱ्याजवळच थबकला. आपण भंडाऱ्यात नाही, तेराव्याच्या जेवणात बसलो होतो, हे त्याला तेव्हा समजलं. खिशातला फोन थरथरत होता. मित्र हसत असणार.

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. माफ करा, माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. पण रामहरीनं त्याच्या हातात फूल दिलं होतं, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाईनं मान वर केली होती.

"तू खोलीवरचा व्हय रं?"

"हो, काकू."

"नाव काय तुझं?"

"श्रीनाथ."

"तिघं येणार म्हणले व्हते. आलं तरी कुणी." शिवराजच्या आईनं, सिताबाईंनी, शेजारच्या सतरंजीवर हात ठेवला. "बस हितं."

तो बसला. बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही, असं त्यानं सांगून टाकलं. सिताबाई बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात विचारू लागल्या. खोलीत ऊन येतं का, पाणी कुठून भरता, शिवराज उठायला उशीर करायचा का. श्रीनाथ कोणत्याही खोलीबद्दल खरं असेल असं उत्तर देत गेला. इकडची तिकडची बोलणी आटोपली की निघायचं, असं तो मनाशी म्हणत होता.

"कंपनीत जाता जाताच ट्रकनं उडवला म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी खाऊन गेला व्हता का त्यो?"

"हो. पोहे खाल्ले होते."

सिताबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग त्या इतक्या बारीक आवाजात बोलल्या, की श्रीनाथला पुढं वाकावं लागलं.

"आदल्या राती फोन आलता त्याचा. दिवाळीला सुट्टी न्हाय म्हणला. मला राग आला. मी म्हणले, मग येऊच नगंस कवा. असं म्हणले म्या त्याला. त्यानं फोन ठिवला. मनाला लावून घेतलं व्हतं का रं त्यानं? तू हुतास ना तिथं?"

त्या बाईच्या डोळ्यांकडे बघणं श्रीनाथला जमेना, म्हणून तो फोटोकडे बघत बोलला.

"नाही, काकू. सकाळी हसत होता तो. म्हणाला, आईचा राग असाच असतो. संध्याकाळी फोन करतो तिला."

"संध्याकाळी करतो म्हणला?"

"हो."

"माझ्यासंगं बोलतो म्हणला?"

"हो, काकू."

सिताबाईंनी त्याचा हात धरला. मग एकदम मांडवाच्या दिशेनं हाक मारली. "आवं, हिकडं या जरा. ऐकलाव का, त्यो मला फोन करणार व्हता."

बब्रुवान, शिवराजचे वडील, ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांनी सगळं पुन्हा ऐकून घेतलं. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि श्रीनाथला म्हणाले, "बरं झालं बाळा, तू आलास."

त्या शब्दांनी श्रीनाथची मान जी खाली गेली, ती वर येईना. सिताबाई मात्र उठल्या. तेरा दिवस भिंत न सोडलेल्या त्या बाईनं बायांच्या पंगतीत जाऊन, तो फोन करणार होता, हे एकीला सांगितलं, मग दुसरीला.

"चला, पाणी देते तुमाला," मागून कुणीतरी म्हणालं.

शिवराजची धाकटी बहीण दीपाली होती. ती त्याला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेली. तिथं माणसं नव्हती. हातातला तांब्या तिनं त्याला दिलाच नाही.

"कोण हाव तुमी?"

"मी..."

"वीरभद्रला मी व्हिडिओ कॉलवर बघितलंय. बाकी दोघांना बी. तुमी त्यातले न्हाव."

श्रीनाथनं सगळं सांगितलं. फाट्यावर उतरलो, भंडारा वाटला, भूक लागली होती. सांगताना आपलेच शब्द त्याला ऐकवेनात.

"जेवायलाच आला व्हता तर जेवून जायचं," दीपाली म्हणाली. "तेराव्याला आल्या माणसाला कोण विचारतंय, कुठला म्हणून? वाटसरू हाय म्हणला असता, तरी वाढलंच असतं आमी."

"मी आत्ता जाऊन काकूंना खरं सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"अन् मग?" दीपालीचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "तुमी सांगून मोकळे हुणार. गाडीत बसून जाणार. ती पुन्हा तिथंच बसणार, भिंतीला टेकून. ती काय म्हणली व्हती दादाला, ते मला बी सांगितलं न्हवतं तिनं. आज पहिल्यांदा बोलली, ते तुमच्यासमोर."

गोठ्यातल्या म्हशीनं एकदा मान हलवून त्यांच्याकडे बघितलं.

"आईला काय सांगायचं, कवा सांगायचं, ते मी बघीन," दीपाली म्हणाली. "तुमी आता एक शब्द बोलू नका. जावा."

पण निघताना सिताबाईंनी त्याला थांबवलं. त्यांच्या हातात एक जड पिशवी होती. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि डबाभर बुंदी. "खोलीवरल्या पोरायला दे. त्याच्या माघारी तुमी उपाशी राहू नका. तू बी खा."

श्रीनाथनं दीपालीकडे बघितलं. तिनं पिशवी आपल्या हातात घेतली, त्याच्याबरोबर अंगणापर्यंत आली आणि तिथं ती त्याच्या हातात दिली. शिवराजच्या फोनमधून वीरभद्रचा नंबर काढून त्याला सांगितला, खोलीचा पत्ताही दिला. "वाटेत कुठं फेकू नका. पोचवा. मी वीरभद्रला विचारणार हाय."

बब्रुवाननं मोटरसायकल काढली आणि त्याला बेंबळीच्या स्टँडवर सोडलं. वाटेत दोन्हीकडं सोयाबीनच्या गंजी लागल्या होत्या, एका रानात मळणी यंत्राचा धुरळा उठत होता. गाडी येईपर्यंत म्हातारा थांबला. काही बोलायला हवं म्हणून बोलला.

"दिवाळीला गावाकडं जावा तुमी. आईबाप वाट बघत असत्याल."

श्रीनाथच्या तोंडाशी सगळं आलं होतं. या माणसाला तरी सांगावं, असं वाटत होतं. पण धाराशिवची गाडी आली, बब्रुवाननं स्वतः त्याची सॅक आत दिली, आणि दार लागलं.

औश्याला तो गेला नाही. धाराशिवहून पुण्याची गाडी धरली. पिशवी वरच्या फळीवर ठेवायची त्याला हिंमत झाली नाही. मांडीवर घेऊन बसला. मित्रांच्या ग्रुपवरचा तो फोटो त्यानं काढून टाकला. तोवर सगळ्यांनी तो पाहिला होता. कुणीतरी विचारलं होतं, 'उद्या कुणाच्या घरी?'

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर वीरभद्रनं दार उघडलं. अक्कलकोटकडचा उंच, सावळा पोरगा. खोलीत तीन गाद्या पसरलेल्या होत्या आणि चौथी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. श्रीनाथनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच काय घडलं ते सांगितलं. या वेळी त्यानं काही गाळलं नाही. बुंदी दोनदा मागून घेतली, तेही सांगितलं.

वीरभद्र ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय."

"वाजवा."

वीरभद्रनं हात उचलला नाही. तो गादीवर बसला आणि फडक्याची गाठ सोडत राहिला. "आम्हाला सुट्टी मिळाली होती," तो म्हणाला. "तिघांनाही. बॅगा भरल्या होत्या. पण काकूंसमोर बसायचं कसं? काय विचारतील, काय सांगायचं? शेवटी स्टँडवरून परत आलो."

"तो खरंच काही म्हणाला होता का? त्या सकाळी?"

"आदल्या रात्री फोन आपटून झोपला. जेवला नाही. सकाळी कधी गेला ते कुणालाच माहीत नाही. आम्ही झोपलो होतो."

शिवराजनं सकाळी काही खाल्लं होतं की नाही, हेही आता कुणाला कळणार नव्हतं.

तेवढ्यात वीरभद्रचा फोन वाजला. पडद्यावर शिवराजचंच नाव होतं; फोन आता त्याच्या घरी होता. वीरभद्रनं तो बराच वेळ वाजू दिला, मग उचलला.

"हो, काकू. मिळालं. सगळं मिळालं." मग तो नुसता ऐकत राहिला. त्याची नजर गुंडाळलेल्या गादीवर होती. "हो," तो म्हणाला. "आमच्यासमोरच म्हणाला तो. संध्याकाळी करतो म्हणून." त्यानं डोळे मिटून घेतले. "दिवाळीला येतो आम्ही, काकू. तिघंही. नक्की."

मग त्यानं फोन श्रीनाथपुढं धरला. "तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

"पोचलास का लेकरा?" सिताबाई विचारत होत्या. "धपाटी खाल्लीस का?"

"पोचलो, काकू."

"वीरभद्र म्हणला, दिवाळीला तिघं बी येणार. तू बी येशील न्हवं?"

काल त्यांच्या दारात 'हो' हा शब्द त्याच्या तोंडून किती सहज निघाला होता. आता तो निघेना. पलीकडं त्या वाट बघत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काकू, मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

"बरं. सुट्टी मिळाली तर ये," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांना पुरून उरेल एवढं दिलंय, तू लाजू नकोस, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

वीरभद्रनं एक धपाटं चटणी लावून त्याच्यापुढं केलं. श्रीनाथनं मान हलवली. सॅक उचलून तो जिना उतरला आणि स्टँडवर येऊन नाशिकची गाडी कुठं लागते ते विचारू लागला. पासाचे दिवस अजून शिल्लक होते.