पदराने पुसलेली काच

स्मिता मॅडम शाळेच्या स्लॅबवर चढून आल्या, माझी वही चाळली आणि माझ्या हातात पेन्सिल दिली.

"वच्छलाबाई, एकोणसत्तर लिहून दाखवता? आणि त्याखाली शहाण्णव."

मी ६९ लिहिलं, खाली ९६ लिहिलं. मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी विहारातल्या प्रौढ वर्गात अक्षर शिकले, आणि आता बावन्नची होते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार.

"सहा अन् नऊ बराबर येते मले," मी म्हटलं. "गलती असन तं दुसरी असन."

ही १९८५ च्या डिसेंबरातली गोष्ट, सौसरची. पुण्याच्या एका संस्थेचं काम चाललं होतं, मॅडम तिथल्याच. समुद्रावरच्या हवेत किती धूर आहे, किती धूळ आहे, हे उन्हावरून मोजायचं. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणून जमिनीवरून निघतानाच हवा किती मैली होती हेही त्यांना पाहिजे होतं. त्यासाठी सारख्या दोन डब्या केल्या होत्या. एक कोकणात किनाऱ्यावरच्या एका गावी, दुसरी आमच्या शाळेच्या स्लॅबवर.

डबी जेवणाच्या डब्याएवढी. तोंडाशी काच. सूर्याकडे धरायची, आतला उजेडाचा ठिपका खुणेवर नेमका बसला की काट्याचा आकडा वाचायचा. हवा साफ असली की काटा चढतो, मैली असली की उतरतो. नऊला, बाराला आणि तीनला. सूर्यावर ढग असेल तर आकडा लिहायचा नाही, नुसतं 'ढग' लिहायचं.

कागदावर हे काम मनोहर गुरुजींच्या नावानं होतं. त्यांचे गुडघे दुखायचे आणि जिना उभा. मी शाळेत झाडायला होते, रोज स्लॅबवर जातच होते. अक्षरही त्यांनीच विहारात शिकवलेलं. त्यांनी एक महिना माझ्याजवळ उभं राहून शिकवलं आणि मग डबी माझ्याच हाती राहिली. अक्षर शिकल्यावर सही करण्यापलीकडे मला त्याचा उपयोग याच वहीत झाला. रोज तीन ओळी, माझ्या हातच्या, आणि त्या पुण्याला कोणीतरी वाचायचं.

"दिवाळीपासून तुमचा काटा उतरला आहे," मॅडम म्हणाल्या. "आकडे खरे मानले, तर सौसरची हवा मोठ्या शहराइतकी मैली झाली म्हणायची. मला ते पटत नाही."

"मले बी नाई पटत."

"मग?"

"पाह्यते."

त्या तरुण होत्या, पण बोलणं गुळमुळीत नव्हतं. "मी इथून कोकणात जाते. पंधरा दिवसांनी परत येईन. तोवर कारण सापडलं नाही तर डबी घेऊन जावी लागेल. नागपूरचं एक कॉलेज ठेवायला तयार आहे."

"म्हणजे वाचणारा बदलन."

"हो," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी आधी धूर शोधला. कापसाच्या जिनिंगच्या बाजूला पाहिलं, लोधीखेड्याच्या वाटेवरच्या विटांच्या भट्टीकडे पाहिलं. भट्टी तर दिवाळीपासून बंदच होती. दुसऱ्या दिवशी बाराला काटा अठ्ठावन्नवर आला, आणि त्याच वेळी मोहगावच्या बाजूची टेकडी मला इतकी साफ दिसत होती की तिच्यावरची झाडं मोजून घ्यावी. मला तेव्हाच कळलं. हवा मैली नव्हती, डबीच खोटं बोलत होती.

मग वही मागून पुढे वाचली. दिवाळीआधी काटा पासष्टच्या वर. दिवाळीनंतर खाली. पण मधूनच एखादा दिवस परत वर. ते दिवस मी बोटांवर मोजले. दर आठ दिवसांनी एक, आणि प्रत्येक वेळी हाटाचा दिवस.

त्या वर्षी दिवाळीपासून मी लीलाबाईच्या नादानं संत्र्याच्या पॅकिंगला जात होते. नऊचा आकडा घेऊन जायचं, बाराला येऊन परत जायचं, तीनला शेवटचा. मोठा माल वेगळा, लहान वेगळा, फुटका बाजूला, पेटीत तणसाचा पेंढा आणि वर संत्री. हाटाच्या दिवशी पॅकिंग बंद. लीलाबाई माझ्याच वस्तीतली, तोंडानं तिखट.

"काय वो वच्छला, हात संत्र्यात अन् चित्त कुठी हाय? त्या डबीत?"

"हाटाच्या दिवशीच काटा कसा चढते, ते पाहून राहिली."

"सूर्याले बी हाटात जायचं असन, म्हणून चांगले कपडे घालत असन." सगळ्या बाया हसल्या. लीलाबाईनं हातातलं फुटकं संत्रं टाकलं आणि पदराला हात पुसले. "आपल्यालेच नाई घालाले. पाह्य माहा पदर. काडी लावली तं दिव्यावानी जळन. पोट्टे नाई का सालीचा फवारा दिव्यावर मारत, भुर्रकन पेटते!"

मी माझा पदर हातात घेतला. तो चिकट होता. पॅकिंगचं माझं एकच जुनं लुगडं, ते हाटाच्या दिवशी धुवायचं आणि त्या दिवशी दुसरं नेसायचं. आणि डबीची काच मी दर वेळी आकडा घेण्याआधी पुसत होते. पदरानं. कोणी सांगितलं नव्हतं. चांगलं पुसून घ्यावं, एवढीच बुद्धी. एखाद्या आळशी बाईच्या हातात डबी असती तर ती बरी राहिली असती.

तशीच उठले. दवाखान्यातल्या हिरामण कंपाउंडरकडून बाटलीत थोडं स्पिरिट आणलं. कापसाची आमच्याकडे काय कमी? बाराला आधी नेहमीसारखं पदरानं पुसून आकडा घेतला, सत्तावन्न. मग स्पिरिटच्या कापसानं काच पुसली. कापूस पिवळट झाला. परत डबी धरली. पासष्ट.

गुरुजी खाली वर्गात पोरांच्या वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटलं.

"वच्छला, हे कोणाला बोलू नको."

"काहून?"

"मॅडमला माहीत असलं तरी कागद पुण्याला माझ्या नावानं जाते. तिकडे लिहितील, मास्तरनं यंत्र झाडूवालीच्या हाती दिलं अन् तिनं संत्र्याचं तेल चोपडलं. माझे दोन वर्षं राहिले नोकरीचे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवाळीपासूनची पानं नवी लिहून काढ. रोज आठ-आठ वाढव. तेलानं आठ कमी झाले, तर खरा आकडा तोच होता ना?"

बोलणं चांगलं होतं, आणि सोपं होतं. डबी राहिली असती, गुरुजींचं नाव राहिलं असतं.

"रोज आठच कमी झाले हे आपल्याले काय पता, गुरुजी? कोन्या दिवशी पदर जास्त चिकट, कोन्या दिवशी कमी. मंग मी सूर्याचा आकडा लिहून राहिली का आपल्या मनाचा?"

"डबी जाईल तुझी."

"गेली तं जाईन. पण काहून गेली ते लिहूनच जाईन."

"मीच तुला लिहायला शिकवलं," ते म्हणाले आणि वह्यांकडे वळले. माझ्याजवळ त्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं, आणि ते मागत होते ते देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तीनदा वाचायला लागले. आधी स्पिरिटनं पुसलेल्या काचेतून, मग पदरानं पुसून, मग परत स्पिरिटनं. पहिला आणि तिसरा आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर मधे हवाच बदलली, ती ओळ धरायची नाही. लुगडं मुद्दाम धुतलं नाही. लीलाबाई म्हणाली, "आता तं तुह्या वासानं माश्या बी संत्र्याच्या झाडावर बसल्यावानी बसून राहिल्या." मी म्हटलं, बसू दे.

सातव्या दिवशी बाराला जिन्यात काठीचा आवाज आला. गुरुजी एकेक पायरी बसत बसत वर आले. स्लॅबवर आल्यावर आधी धाप टाकली, मग हात पुढे केला.

"दे इकडं."

त्यांनी स्वतः तिन्ही वेळा डबी धरली, आकडे मोठ्यानं वाचले, मी लिहिले. सहासष्ट, सत्तावन्न, सहासष्ट. मग माझी मागची पानं उभ्यानंच वाचली.

"फरक पाच बी हाय, अकरा बी हाय," ते म्हणाले. "सरसकट आठ लिहिले असते तं चुकलंच असतं." वहीच्या खाली त्यांनी सही केली. उतरताना मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "सोड. तू वही सांभाळ."

स्मिता मॅडम ठरल्या दिवशी आल्या. वही वाचता वाचता त्यांनी माझा पदर हातात घेऊन बोटांनी चोळला आणि वास घेतला. हसल्या नाहीत.

"कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "पण वच्छलाबाई, दिवाळीपासूनचे आकडे आम्हाला घेता येणार नाहीत. दीड महिना गेला."

"हाव. मी रेघ मारूनच ठेवली."

प्रत्येक पानावर मी एकच आडवी रेघ मारली होती, खालचे आकडे वाचता येतील अशी, आणि बाजूला लिहिलं होतं: काच तेलकट होती, चूक माझी, वच्छला. गुरुजी दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, चूक माझीपण लिहा. मी वर चढलो नाही." मॅडमनी मान हलवली आणि डबीची पेटी उघडली. मला वाटलं, झालं आता, भरून नेतात. जायचीच असेल तर दोन आठवडे मनात घोळत असलेलं विचारून घ्यावं.

"मॅडम, समुद्राच्या वाऱ्यात मीठ असते म्हणते. तिकडच्या काचेवर ते बसत नाई का?"

त्यांचा हात पेटीवरच राहिला.

"तिथला माणूस काच कायनं पुसते?"

"खांद्यावरच्या पंच्यानं," त्या हळू म्हणाल्या. "कधी पुसतो, कधी नाही." मग त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. त्यावर हवेच्या मळाच्या दोन रेघा होत्या, मळ जास्त तितकी रेघ वर. एक कोकणातल्या डबीची, दुसरी वर फिरणाऱ्या उपग्रहाची. समुद्राचं पाणी काळं दिसतं, म्हणून त्यावरची धुरकट हवा वरून ओळखता येते, असं त्यांनी आम्हाला समजावलं. उपग्रहाची रेघ सगळीकडे डबीपेक्षा खाली होती. म्हणजे डबी म्हणत होती हवा फार मैली, आणि उपग्रह म्हणत होता तितकी नाही.

"आम्ही सहा महिने धरून चाललो, उपग्रहच कमी सांगतो."

"वरची काच कोन पुसते?" मी विचारलं.

"तिथे कोणी पुसत नाही."

"मंग त्याचं बरं हाय. पदर नाई न् पंचा नाई."

आता मात्र त्या हसल्या. पण लगेच घड्याळ पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, पोस्टातून कोकणात तार किती वेळात जाते. तीन-तीन आकड्यांची माझी दहा पानं त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. डबीची पेटी झाकली आणि होती तिथेच, भिंतीच्या सावलीत, ठेवली. डबी राहिली की नाही हे मी विचारलं नाही. बारा वाजत आले होते. मी कापूस भिजवला, काच पुसली आणि आकडा वाचला.

"सदुसष्ट."

मॅडमनी माझ्या हातून डबी घेऊन वाचला. "सदुसष्ट," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहायला पेन्सिल माझ्याकडे दिली.

वीस दिवसांनी कोकणातून मॅडमचं कार्ड आलं. तिथल्या माणसानं काच गोड्या पाण्यानं धुऊन, मग स्पिरिटनं पुसून पाहिली. काटा चार घरं चढला. सगळी तफावत त्यानं मिटत नाही, अजून कारणं शोधायची आहेत, असं मॅडमनी खाली लिहिलं होतं. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं.

संक्रांतीनंतर पुण्याहून नवे छापील कागद आले. तारीख, वेळ, काटा, ढग हे जुनेच रकाने होते. शेवटी एक नवा होता: काच, पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर. लीलाबाईला मी तो दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या अक्षरांवरून फिरवायला तिचं चिकट बोट धरलं.

"बोट पुसून घे आधी," मी म्हटलं.