एका जागी खिळलेला पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. जपानच्या अगदी दक्षिणेला, उसाच्या शेतांनी भरलेल्या एका लहानशा बेटावर, डोंगरउतारावरच्या शाळेच्या आवारात माझं आयुष्य गेलं. माझ्या नरसाळ्याखाली दोन इवल्या वाट्या आहेत. अर्धा मिलिमीटर पाऊस झाला की भरलेली वाटी कलते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि तो आकडा तारेवरून दूर जातो.

शाळेचे शिपाई हिगासान रोज सकाळी माझ्यातली पानं वेचायचे. ते निवृत्त झाले, शेजारच्या बेटावर मोठं रडार आलं आणि मला कुणी विचारेनासं झालं. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. पाऊस पडायचा, पण मी मुकाच. मनाला फार लागायचं.

मग दूरच्या त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेतून कस्तुरी आली. मूळची पुण्याची. तिने बाही सरसावून जाळी काढली, वाट्या घासल्या. “अरे अंबरीष, डोंगर आड येतो. रडारला इथला खालचा पाऊस दिसतच नाही,” ती नवऱ्याला फोनवर सांगत होती. “मला याचाच डेटा हवाय.”

ती जूनमधली दुपार मी विसरणार नाही. समुद्रावरून उबदार, दमट वारा डोंगरावर धडकत होता. एक ढग कोसळत पुढे सरकला, की मागे त्याच जागी दुसरा उभा राही. ढगांची रांगच लागली आणि सगळी एकाच दरीवर रिती होऊ लागली. दर पंधरा सेकंदांना माझी वाटी कलत होती.

कस्तुरीने नगर कार्यालयाला फोन केला. भोंग्यावरून सूचना झाली : ओढ्याकाठच्या बारा घरांनी शाळेत यावं. कुणी हललं नाही. आले ते एकटे हिगासान, छत्री उलटी झालेली. त्यांचं घरही ओढ्याकाठीच होतं.

“मापकात कचरा अडकला असेल,” ते म्हणाले. “सत्तर वर्षं पाहतोय मी हा ओढा.”

“ओढा तोच आहे, हिगासान. ढगांची रांग हलत नाहीये. तुम्हीच उघडून बघा.”

त्यांनी माझं झाकण काढलं. आत पान नव्हतं, काडी नव्हती. टक्. टक्. ते ऐकत राहिले. मग झाकण नीट बसवून म्हणाले, “माझं ऐकतील ते. चला.”

दोघं दार न् दार ठोठावत फिरली. एका आजींना हिगासानांनी पाठीवर घेतलं. शेवटचं माणूस फाटकातून आत आलं आणि अर्ध्या तासात ओढा काठ फोडून बाहेर आला. चार घरं चिखलात गाडली गेली. त्यात हिगासानांचंही होतं. माणूस मात्र एकही गेलं नाही. मी सायंकाळपर्यंत मोजतच राहिलो.

ऑगस्टमध्ये पुन्हा सूचना झाली. सगळे वर चढले आणि पाऊस समुद्रावरच विरला. “उगाच पायपीट झाली,” कुणीतरी कुरकुरलं. हिगासान हसले. “झाली ना? मग आता घरी जाऊन जेवा.”

मित्रांनो, तुमच्या गावातही माझं एखादं भावंड उभं असेल. त्याची निगा राखा. त्याने धोका सांगितला, की निघा. नऊदा काहीच घडलं नाही, तरी दहाव्यांदाही निघा.