वायतुऱ्याची उन्हाळी झोप

मित्रांनो, लोक माझ्या फुलाचे फोटो काढतात, पण खरा मी चिखलात असतो. मी वायतुऱ्याचा जुना कंद आहे, जेमतेम सुपारीएवढा. मेढ्याच्या वरच्या पठारावर, कातळातल्या उथळ डबक्यात माझा जन्म झाला. पावसाळ्यात डबकं भरलं की मी पानं काढायचो. श्रावणात माझा दोन फाट्यांचा तुरा पाण्याबाहेर यायचा. पाणी आटलं की पानं जायची आणि मी भेगाळलेल्या चिखलाखाली पुढच्या पावसापर्यंत झोपायचो. ही झोप मोडली, तर मी संपलो.

एका वर्षी त्या डबक्यात मुरूम टाकायला डंपर आले. तिथे हॉटेलसाठी गाड्या लावायची जागा होणार होती. पंचमीला माहेरी आलेली दीपमाला चिखलात उतरली आणि हाताला लागला तो कंद, म्हणजे मी, पदरात बांधून घेतला. बाकीचे सगळे कंद मुरुमाखालीच राहिले.

दीपमालाचं सासर पलूसला. नवरा विश्वजीत फौजेत, घरी सासू हरणाबाई. दीपमालानं घरामागच्या परड्यात जुनं घमेलं मांडलं. तळाशी मुरूम, त्यावर माहेराहून आणलेला चिखल, वर चार बोटं पावसाचं पाणी. खत अजिबात नाही, बोअरचं पाणीही नाही. पुढच्या श्रावणात मी तुरा काढला, तेव्हा हरणाबाईंनी शेजारच्या रंगूबाईला हाताला धरून आणलं. "बघ की गं, आमच्या सुनंच्या म्हायेरचं फूल! लय देखणं हाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

दसऱ्यानंतर दीपमालानं पाणी आटू दिलं, घमेलं लिंबाखाली सावलीत सरकवलं. पुढे ती बाळंतपणाला मेढ्याला गेली. जाताना सासूला बजावून गेली, "आत्या, पाऊस पडंपतोर ह्याला पाणी घालू नगा. त्यो मेला न्हाई, निजलाय."

पण हरणाबाई पडल्या ऊसवाल्या घरच्या. या घरात कोरडी माती दिसली की हात मोटरच्या बटणाकडे जातो. ऊस पिवळा पडला, सोडा पाणी. वाढ खुंटली, सोडा पाणी. असं करता करता परड्यामागचं रान क्षारपड झालं. तिथे मीठ फुटल्यासारखी जमीन पांढरी पडली आहे, आता गवतसुद्धा उगवत नाही.

चैत्रात हरणाबाईंनी घमेल्यात बोट घातलं. "अगं बया, पोरीचं फूल वाळलं की! आता तिला काय सांगू?" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बोअरच्या पाण्याची बादली ओतली आणि वर मूठभर युरिया टाकला. मी दचकून जागा झालो. पाणी उन्हानं तापलं, घमेल्याच्या कडेला पांढरी पुटं चढली. अर्धवट झोपेत मी एक कोंब काढला, तो करपला. हरणाबाईंना वाटलं, पाणीच कमी पडतंय.

आता रोज तिन्हीसांजेला मोटर सुरू होते आणि पाठोपाठ बादली येते. माझी एक बाजू मऊ पडली आहे. तिला कुजका वास येतो.

काल दीपमालाचा फोन आला, तेव्हा हरणाबाई बादली घेऊन इथेच उभ्या होत्या.

"आत्या, घमेल्यात पाणी घालत न्हाई न्हवं?"

"न्हाई गं बाई. तू आपली बाळाकडं बघ."

फोन ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या. "खोटं बोलले रं लेकरा. पर तुला तहानलेलं कसं ठेवू? घोटभरानं काय हुतंय?" आणि त्यांनी बादली वाकडी केली.

मला त्यांचा राग येत नाही हो. एवढी माया कोण करतं? पण मला त्यांची फार भीती वाटते. मित्रांनो, तुमच्या घरी असा कुणी निजलेला असेल, तर त्याला निजू द्या. पाणी ओतण्याआधी, त्याला ते हवं आहे का, एवढं तरी बघा.

मृगाला अजून पुष्कळ अवकाश आहे आणि माझी दुसरी बाजूही आता मऊ लागायला लागली आहे. ती बघा, मोटर सुरू झाली. हरणाबाई, आज तरी ती बादली खाली ठेवा!