रेवाबाईचं खरं नाव

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. शहाद्याच्या एका कपाटात फायलींखाली पडून असतो. मुठीत मावेल एवढा माझा जीव, पण ऐकलंय पुष्कळ.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, गाणी ऐकायला मिळतील. नशिबी आल्या कामिनीताई! गावोगावी कुणावर हिंसा झाली, पुढे त्यांना न्याय कसा मिळाला, यावर त्या संशोधन करायच्या. माणसांचं रडणं मी मुकाट्याने साठवलं. परिषदेत लोक म्हणाले, "आवाज किती स्वच्छ!" मला ते कौतुक गोड लागलं नाही.

रेवाबाईला मात्र मी विसरू शकत नाही. तिच्या गावातल्या धनसिंगचा मुलगा तापाने गेला आणि गावाने तिला डाकीण ठरवलं. धनसिंगनेच तिला मारत शिवेबाहेर काढलं. ती पुरुषोत्तमनगरला बहिणीकडे राहिली. ताईंनी तिची हकिगत लिहून तिला वाचून दाखवली. तिला पुन्हा त्रास नको, म्हणून संशोधनाच्या रीतीप्रमाणे नाव बदललं होतं. रेवाबाई ताडकन उठली.

"गावनी मन्हं नाव मिटाडं, माले डाकीण म्हनं. आते तू बी मिटाडस का?"

ताई ओशाळल्या. "मंग काय करू, मावशी?"

"पंचसमोर मन्हं नाव ले. गूळ मी वाटसू."

आमच्याकडे भांडण मिटलं की पंचांसमोर गूळ वाटतात. पण डाकिणीच्या हातचं कोण खाणार? मला भीतीच वाटत होती.

ताईंनी गळ घातली, तशी तिच्या गावात पंच बसले. ताईंनी मला बाजेवर ठेवून सुरू केलं. माझ्यातून रेवाबाई बोलली, "मी रेवाबाई. धनसिंगभाऊ, तुन्हा पोऱ्याले मी मांडीवर खेळाडं."

धनसिंगची मान खाली गेली. "मन्ही चूक शे," तो कसाबसा म्हणाला.

पुढचं टिपून घ्यायला ताईंनी माझं बटण दाबलं. रेवाबाई गुळाची थाळी घेऊन फिरू लागली. एकही हात पुढे येईना.

मित्रांनो, आता ताईंचं काम फोनवरच भागतं. माझे सेल गळू लागलेत. ते वेळीच काढा, अंगावरची धूळ पुसा, एवढंच मागणं आहे. आणि कुणाला वाईट नाव चिकटवण्याआधी त्याचं खरं नाव एकदा आठवा. माझ्या पोटात गुळाच्या थाळीसमोरची ती शांतता अजून आहे. त्यानंतर धनसिंगने गुळाचा खडा चावल्याचा आवाज आहे. आणि मग त्याचे शब्द: "रेवाबाई, पानी दे."